'चाललं' हासुद्धा रिपोर्ट असतो: रिलीजआधी स्वयंसेवकांकडून ऑपरेटिंग सिस्टीम कशी तपासून घेतात

डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या १७.१० या आवृत्तीची डेस्कटॉप इमेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, डाउनलोडमधून काढून घेतली. आवृत्ती बाहेर पडून तेव्हा दोन महिने झाले होते. झालं होतं असं, की कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला, इंटेलचा एक ड्रायव्हर चालू राहून गेला होता. मदरबोर्डवरच्या ज्या चिपमध्ये बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, असतो, तिच्याशी बोलणारा हा ड्रायव्हर. बहुतेक मशिनांना त्याचा काही त्रास झाला नाही. पण लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांवर, आणि इतर कंपन्यांच्या काही लॅपटॉपवर, बायोस असा अडकला की सेटिंग बदलून सेव्ह केली तरी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. काहींना यूएसबीवरून बूटही, म्हणजे मशीन सुरूही, करता येईना. म्हणजे दुरुस्तीसाठी पेनड्राइव्ह लावावा, तर नेमकं तेच दार बंद.

"मग काय, तपासलं नव्हतं का?" हा प्रश्न लगेच येतो. तपासलं होतं की. पण हा दोष दिसायला ठरावीक लॅपटॉप हवा, त्यावर नवी सिस्टीम घातलेली हवी, आणि त्यानंतर कोणीतरी मुद्दाम बायोसमध्ये शिरून काहीतरी बदलायला हवं. तपासणारा इन्स्टॉल करतो, डेस्कटॉप येतो का पाहतो, वायफाय जोडतो, एखादा व्हिडिओ लावतो. सगळं झाल्यावर परत बायोसमध्ये कोण जातं? मी तरी तोवर कधी गेलो नव्हतो.

मी गेली काही वर्षं एका लहानशा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी रिलीजच्या आधी टेस्टर गोळा करतो. निदान काम हाती घेतलं तेव्हा माझी अशीच समजूत होती, की टेस्टर गोळा करायचे. दोन रिलीज पार पडल्यावर कळलं की माणसं येतात, हौसेने येतात. घोडं अडतं ते हिशेबापाशी. कोणी काय पाहिलं हे सांगायला दहा जण असतात; काय कोणीच पाहिलेलं नाही, हे कोणी सांगत नाही.

मशिनाने तपासायचं आणि माणसाने तपासायचं

ऑपरेटिंग सिस्टीम हा एक प्रोग्रॅम नसतो, हजारो प्रोग्रॅमचा एकत्र संसार असतो. डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या १२ व्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे असे सुटे प्रोग्रॅम आणि त्यांचे भाग, होती. लिहिणारे वेगळे, त्यांचा वेग वेगळा, आणि बहुतेकांची एकमेकांशी ओळखदेखील नाही. रिलीज काढणारी मंडळी हे सगळं एकत्र बांधतात आणि जगाला सांगतात की हे एकमेकांबरोबर नीट नांदतं. ते खरंच नांदतं का, हे पाहायचं काम टेस्टिंगचं.

यातलं बरंच आता आपोआप होतं. ओपनसुसे आणि फेडोरा हे लिनक्स सिस्टीम बनवणारे प्रकल्प ओपनक्यूए नावाचं साधन वापरतात. ते आभासी मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं नकली मशीन, चालू करतं, इन्स्टॉलरची बटणं स्वतः दाबतं आणि दर पायरीला पडद्याचं चित्र आधी साठवलेल्या चित्राशी ताडून बघतं. 'पुढे' हे बटण जागेवर दिसलं नाही की चाचणी नापास. डेबियनमध्ये पॅकेजसोबतच त्याच्या चाचण्या ठेवता येतात. एक पॅकेज बदललं की त्याच्यावर विसंबून असलेल्या इतरांच्या चाचण्याही चालवल्या जातात. हे काम माणसाला देऊच नये. शंभराव्यांदा तेच बटण दाबणारा माणूस एकशे एकाव्या वेळी न बघताच 'ठीक आहे' लिहितो.

पण आभासी मशीन हे फार सुखातलं मशीन असतं. त्याची बॅटरी मरत नाही, त्याचं झाकण कोणी आपटत नाही, त्याच्या यूएसबीच्या खाचेत धूळ साचत नाही. झाकण बंद करून दोन तासांनी उघडल्यावर पडदा काळाच राहतो. हेडफोन उपसला तरी आवाज स्पीकरकडे परत येत नाही. दुसरा मॉनिटर जोडला की अक्षरं मुंगीएवढी होतात. हे सगळं खऱ्या हार्डवेअरवरच कळतं. आणि जगातलं सगळं हार्डवेअर कुठल्याच प्रकल्पाकडे नसतं, ते लोकांच्या घरी असतं. स्वयंसेवकाला ऐकायला बरं वाटणार नाही, पण पुष्कळदा आम्हाला त्याच्या वेळेपेक्षा त्याच्या टेबलावरचा तो जुना लॅपटॉप हवा असतो.

माणसाची दुसरी गरज म्हणजे संशय. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रॅमर डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून घडत असलेल्या, शाखेवर काही मोजमाप करत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशिनाशी सुरक्षित जोडणी करून, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. बहुतेक चाचण्या इतक्याशा उशिराकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांनी पाठपुरावा केला आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा पेरल्याचं उघडकीला आलं. बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो अजून पोचला नव्हता. उबुंटूने २४.०४ ची बीटा, म्हणजे अंतिम आवृत्तीच्या आधीची चाचणीची आवृत्ती, त्यामुळे आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजेस नव्याने बांधून घेतली. अशा नजरेसाठी चाचणी लिहून ठेवता येत नाही. एवढंच करता येतं, की येऊ घातलेली सिस्टीम अशा लोकांच्या रोजच्या वापरात लवकर जाईल असं बघायचं.

आधी थांबायचं, मग तपासायचं

तुम्ही सोमवारी तपासलं आणि मंगळवारी कोणीतरी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, तर सोमवारच्या निकालाची किंमत काय? म्हणून रिलीजच्या आधी फ्रीझ असतो. मराठीत त्याला 'गोठवणं' म्हणता येईल, पण बोलताना सगळे फ्रीझच म्हणतात.

फ्रीझ एका रात्रीत लागत नाही, फास हळूहळू आवळत नेतात. डेबियनमध्ये आधी कंपायलरसारखी मुळातली साधनं आणि मोठाले बदल थांबतात. मग नवीन पॅकेजेस बंद होतात, फक्त छोट्या दुरुस्त्या चालतात. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक बदलासाठी रिलीज टीमची परवानगी काढावी लागते. लिनक्स कर्नलची तऱ्हा वेगळी: दोन आठवडे नवे बदल घ्यायचे, नंतर दर आठवड्याला एक आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट. साधारण सात-आठ आरसी झाल्या की आवृत्ती बाहेर. फ्रीबीएसडी ही आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम अल्फा, बीटा, आरसी अशा पायऱ्यांनी जाते.

इथे एक पेच आहे. चूक सापडायची सगळ्यात चांगली वेळ बीटा. तेव्हा दुरुस्तीला उसंत असते. पण लोक येतात आरसीला. 'बीटा' म्हटलं की वाटतं अजून कच्चं आहे, कशाला हात लावा. 'आरसी' म्हटलं की वाटतं आता बघू. तोवर दर दुरुस्तीमागे 'यातून नवीन काही मोडणार नाही ना' ही धास्ती लागलेली असते. उबुंटू आपल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच्या लोकांना पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर यायची सूचना लगेच देतच नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे आकड्यापुढे '.१' असलेली, निघेपर्यंत थांबते. पहिल्या तीनेक महिन्यांत हौशी लोकांना जे सापडेल ते सापडू दे, असा तो सरळ हिशेब.

मी यावर काढलेला तोडगा फार हुशारीचा नाही. बीटाच्या वेळी 'टेस्टिंग करा' असं म्हणतच नाही. 'ज्यांच्याकडे दोन ग्राफिक्स कार्डांचा लॅपटॉप आहे त्यांनी एवढी एक गोष्ट करून सांगा' असं म्हणतो. सगळ्यांना हाक मारली तर कोणी ओ देत नाही. एकाला नावाने हाक मारली तर तो मान वळवतोच.

तक्ता

आमच्या सगळ्या कामाच्या मध्यभागी एक तक्ता असतो. उभ्या बाजूला करायच्या गोष्टी, आडव्या बाजूला कशावर करायच्या ते. फेडोराचे असे तक्ते सगळ्यांना उघडे असतात, ज्याने तपासलं त्याचं नाव रकान्यात पडतं. उबुंटूकडे प्रत्येक इमेजमागे निकाल नोंदवायची वेगळी सोय आहे. रूप कसंही असो, एकच नियम महत्त्वाचा: रिकामा रकाना रिकामा दिसला पाहिजे.

म्हणूनच 'चाललं' हासुद्धा रिपोर्ट असतो, आणि हे लोकांच्या गळी उतरवणं माझ्या कामातला सगळ्यात चिवट भाग आहे. चांगला, मेहनती माणूस तीन तास घालवतो, सगळं नीट चालतं, आणि तो गप्प बसतो. 'काही सापडलंच नाही, तर काय कळवायचं?' मला मात्र कळत नाही की त्याच्याकडे चाललं, की त्याने पाहिलंच नाही. रकान्यात दोन्ही सारखंच दिसतं. फेडोरामध्ये तयार झालेल्या प्रत्येक अपडेटला लोक अधिक किंवा उणे गुण देतात आणि पुरेसे अधिक पडले की ते पुढे जातं. तिथे 'चाललं' म्हणण्याला उघड किंमत आहे.

आता तक्ता किती मोठा करायचा? समजा बूट होण्याचे दोन प्रकार आहेत, जुना बायोस आणि नवा यूईएफआय. ग्राफिक्सचे तीन. डिस्क मांडायचे चार. आणि नवीन इन्स्टॉल की जुन्यावरून अपग्रेड, असे दोन. गुणाकार केला तर ४८ जोडण्या. त्यात पाच भाषा घातल्या की २४०. एवढे स्वयंसेवक कोणाकडेच नसतात, आणि असले तरी पुढच्या आरसीला परत सगळे येत नाहीत.

यावर टेस्टिंगवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. बहुतेक दोष एका गोष्टीमुळे होतात किंवा दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे होतात. चार गोष्टींचा योग जुळून येणारा दोष क्वचित. मग प्रत्येक चौकडी न तपासता प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाईल अशी यादी करायची. 'यूईएफआय आणि एन्क्रिप्ट केलेली डिस्क' ही जोडी कुठेतरी आली पाहिजे, 'अपग्रेड आणि जुनं ग्राफिक्स कार्ड' हीसुद्धा कुठेतरी आली पाहिजे, एकाच ओळीत दोन्ही उरकल्या तर उत्तमच. अशी यादी जमवली तर ४८ ऐवजी १२ ओळींत भागतं, आणि भाषा धरूनही २४० ऐवजी २० ओळींत. वीस माणसं मिळू शकतात. वीस माणसांची नावं मला पाठ असतात.

ओळीत काय लिहायचं, याला मात्र फार वेळ द्यावा लागतो. 'एन्क्रिप्शन तपासा' ही ओळ कुचकामी आहे. आमच्याकडची ओळ अशी आहे: 'इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड फ्रेंच निवडा. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा. पासफ्रेजमध्ये ए हे इंग्रजी अक्षर असू द्या. रीबूट करा. पासफ्रेज स्वीकारली जाते का?' 'ए' च का? फ्रेंच कीबोर्डवर 'ए' ज्या जागी असतो, तिथे अमेरिकी कीबोर्डवर 'क्यू' असतो. इन्स्टॉलरने फ्रेंच मांडणी धरली आणि बूटच्या वेळच्या पडद्याने अमेरिकी, तर तीच बोटं तिथेच पडूनही वेगळी अक्षरं उमटतात. पासफ्रेज पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे माणूस 'मीच विसरलो वाटतं' म्हणून कपाळ बडवत बसतो. दोन्ही मांडण्यांत एकाच जागी असलेली अक्षरं घेतली असती तर चाचणी पास झाली असती आणि दोष तसाच पुढे गेला असता.

देवनागरीसाठीही एक ओळ आहे: 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असे शब्द टाइप करायचे आणि र अर्धा होऊन शेजारी बसतो की रफार होऊन डोक्यावर चढतो ते बघायचं. डोक्यावर चढला तर नापास. ज्याला मराठी येत नाही त्याला यात काय चुकलं हे जन्मात दिसणार नाही.

भाषेच्या दोषांना हलकं समजू नये, त्यांनी रिलीजची इमेज मागे घ्यायला लावलेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उबुंटू २३.१० बाहेर पडल्यावर लगेच डेस्कटॉप इमेज काढून घ्यावी लागली, कारण इन्स्टॉलरच्या युक्रेनियन भाषांतरात कोणीतरी द्वेषाने भरलेला मजकूर घुसवला होता. कोड ठणठणीत होता. फक्त ती भाषा वाचणाऱ्या एका माणसाने एकदा इन्स्टॉलर पुढे-पुढे करत पाहायला हवा होता.

कोणती इमेज?

निकालाबरोबर इमेजचा क्रमांक नसेल तर तो निकाल मी फेकून देतो. कठोर वाटतं, पण 'काल रात्रीची इमेज' म्हणजे कोणाची काल? टेस्टर जगभर पसरलेले असतात. एकाची रात्र ती दुसऱ्याची दुपार, आणि मधल्या काळात नवी इमेज आलेली असते.

तसंच चेकसमचं. डाउनलोड केलेल्या फाइलमधून एक लांबलचक आकडा काढायचा आणि प्रकल्पाने दिलेल्या आकड्याशी जुळवायचा. फाइल एका बिटाने जरी बिघडली असेल तरी आकडा पार बदलतो. बहुतेक लोक ही पायरी गाळतात. एकदा 'इन्स्टॉलर दर वेळी ६३ टक्क्यांवर अडकतो' अशी तक्रार आली. आम्ही तिघे तीन दिवस त्याच्या मागे होतो. लॉग, म्हणजे मशिनाने स्वतः केलेल्या नोंदी, पाहिले, कोड पाहिला, डिस्कवर संशय घेतला. शेवटी निघाला तो मरायला टेकलेला पेनड्राइव्ह. चेकसम बरोबर होता, पण पेनड्राइव्हवर लिहून झाल्यावर परत वाचून पाहिलं नव्हतं. आता ती ओळ तक्त्याच्या सगळ्यात वर आहे, जाड अक्षरात.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या टेस्टरला सांगतो: ज्या मशिनावर तुमचं रोजचं काम आहे, त्यावर हे करू नका. सुटं मशीन नसेल तर सुटी डिस्क, तेही नसेल तर आभासी मशीन. बॅकअप आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, 'त्यातून कधी परत काढून पाहिलंय?' उत्तर येईपर्यंतचा वेळ बोलका असतो.

आरसी एक गेली आणि आरसी दोन आली की जुने सगळे निकाल बाद होतात का? नियमाने बोलायचं तर होय. पण एका भाषांतराची फाइल बदलली म्हणून वीस लोकांना पुन्हा डिस्क पुसायला लावली, तर तिसऱ्या आरसीला पाच उरतात. काय बदललं ते बघून कोणत्या ओळी पुन्हा करायच्या हे ठरवावं लागतं. बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, किंवा कर्नल बदलला तर मी काही ऐकत नाही, पहिल्यापासून.

बारा गावचं पाणी प्यायलेली मशिनं

टेस्टर कोऱ्या डिस्कवर नवं इन्स्टॉल करतात. जगातले बहुतेक लोक मात्र आहे त्यावरच अपग्रेड करतात. ही दरी भरून काढणं फार कठीण. कारण खरी जुनी सिस्टीम प्रयोगशाळेत बनवता येत नाही. चार वर्षांपूर्वी कुठूनतरी घातलेला प्रिंटरचा ड्रायव्हर, अर्धवट काढून टाकलेलं डेटाबेस, हाताने बदललेली आणि नंतर विसरलेली एक सेटिंग, बूटच्या पार्टिशनवर उरलेली जेमतेम जागा. हे सगळं एका मशिनात वर्षानुवर्षं मुरावं लागतं. अशी बारा गावचं पाणी प्यायलेली मशिनं ज्यांच्याकडे आहेत ते लोक मला सोन्याहून प्यारे. त्यांना मी आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढायला सांगतो, ती नक्कल आभासी मशिनात चालू करून तिच्यावर अपग्रेड करायला सांगतो. मूळ मशिनाला हात नाही, आणि मुरलेली घाण मात्र सगळीच्या सगळी तपासाला मिळते.

दोष सापडला की रिपोर्ट. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि लॉग. चार गोष्टी. 'चालत नाही' हे वाक्य मात्र कोणाच्याच कामाचं नाही. चांगल्या रिपोर्टबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून ते सोडतो. त्यानंतरच्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं.

समजा गेल्या आवृत्तीत झाकण उघडल्यावर पडदा नीट यायचा, आता येत नाही. मधे कर्नलमध्ये हजार बदल झालेत. यातला कोणता? इथे बायसेक्ट नावाची पद्धत वापरतात. पाचशेव्या बदलावर कर्नल बांधायचा आणि झाकण उघडून पाहायचं. पडदा आला, तर दोष पुढच्या पाचशेत. नाही आला, तर आधीच्या पाचशेत. मग अडीचशे, सव्वाशे... साधारण दहा वेळा झाकण उघडलं की हजारातला एक नेमका बदल हाती लागतो. प्रोग्रॅमरला हे करता येत नाही, कारण तो लॅपटॉप त्याच्याकडे नाही. स्वयंसेवकाला कोडचं ओ की ठो कळत नसलं तरी जमतं, कोणीतरी दहा कर्नल बांधून दिले तर. दहा वेळा झाकण उघडून 'आला', 'नाही', 'नाही', 'आला' एवढंच कळवलेल्या एका माणसामुळे आमचा एक दोष दोन संध्याकाळींत सुटला होता. त्याआधी तो दोन महिने तसाच पडून होता.

कोण म्हणणार 'थांबा'?

शेवटच्या आठवड्यात दोष संपलेले नसतात. कधीच संपत नाहीत. प्रश्न असतो, यातल्या कोणत्यासाठी रिलीज अडवायचा. हे त्या वेळी ठरवायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा दोष मोठा.

फेडोराने यावर केलेली व्यवस्था मला सगळ्यात पटते. रिलीजमध्ये काय चाललंच पाहिजे याचे निकष तिथे आधीच लिहिलेले असतात. एखादा दोष निकष मोडत असेल तर तो 'ब्लॉकर', मोडत नसेल तर कितीही त्रासदायक असला तरी नाही. मग 'गो की नो-गो' अशी बैठक होते. ब्लॉकर उरला असेल तर तारीख पुढे जाते. अगदी शेवटच्या काही दिवसांत सापडलेल्या दोषाला सूट देता येते, नाहीतर रोज एक नवा ब्लॉकर येत राहील आणि रिलीज कधी व्हायचाच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये गंभीर सुरक्षादोष असल्याची पूर्वसूचना आली, तेव्हा फेडोरा ३७ थांबवला गेला. तो १५ नोव्हेंबरला निघाला. डेबियनची रीत त्याहून जुनी: ठरावीक गंभीरतेचे दोष 'रिलीज-क्रिटिकल' धरले जातात, आणि तारीख ही 'तयार झालं की' अशीच असते.

पण 'थांबा' म्हणायची हिंमत आणि थांबवायची सोय, दोन्ही लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ ही दुरुस्त्यांची आवृत्ती निघायच्या दिवशीच कळलं, की तिच्यातल्या कर्नलमुळे ईएक्सटी४ फाइलसिस्टीमवरचा डेटा बिघडू शकतो. एक दुरुस्ती जुन्या कर्नलमध्ये आणताना तिला लागणारा दुसरा बदल मागेच राहिला होता. पॅकेजेस तोवर काही आरशांवर, म्हणजे मिरर सर्व्हरांवर, जाऊन पोचलेली. डेबियनने इमेज तयार करणं थांबवलं, लोकांना अपग्रेड करू नका असं कळवलं, आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ काढली. १२.३ च्या इमेज निघाल्याच नाहीत. आकडा वाया गेला, जाऊ दे.

यात टेस्टरांच्या बाजूची एक गोष्ट दुर्लक्षित राहते. तुम्ही कळवलेला दोष 'ब्लॉकर नाही' असं ठरतं, तेव्हा वाईट वाटतं. चार रात्री घालवलेल्या असतात. त्या वेळी कारण लिहून कळवलं नाही, तर तो माणूस पुढच्या रिलीजला येत नाही. 'तुमचा दोष खरा आहे, पुढच्या अपडेटमध्ये येईल, रिलीज अडवत नाही कारण असं-असं' अशी तीन ओळींची चिठ्ठी मी स्वतः लिहितो, आपोआप जाऊ देत नाही. पहिल्या रिपोर्टला चोवीस तासांत काहीतरी उत्तर गेलं पाहिजे, हा आमचा दुसरा नियम. उत्तर 'वाचलं, उद्या बघतो' एवढंच असलं तरी चालतं. नव्या माणसाचा पहिला रिपोर्ट आठवडाभर तसाच पडून राहिला की त्याचा दुसरा येत नाही, हे मी पुरेशा वेळा पाहिलंय.

फेडोराचे टेस्ट डे याच कारणाने चालतात असं मला वाटतं. एक दिवस, एक विषय, आणि त्या विषयाचे प्रोग्रॅमर त्या दिवशी चॅटवर हजर. नवा कर्नल, किंवा डेस्कटॉप, किंवा भाषांचा आधार. टेस्टरने विचारलं की लगेच उत्तर. आम्ही लहान, आमच्याकडे दिवसभर बसणारे प्रोग्रॅमर नाहीत. आम्ही दोन तास ठेवतो. पण त्या दोन तासांत जेवढं सापडतं तेवढं एरवीच्या आठवड्यात सापडत नाही.

रिलीज झाल्यावर आठवडाभर वरातीमागून घोडी येत राहतात. येऊ द्यायची. प्रत्येक सुटलेल्या दोषापुढे मी एकच टिपण करतो: याचा रकाना होता का? होता आणि रिकामा होता, तर पुढच्या वेळी तिथे नाव घालायचं. नव्हताच, तर नवी ओळ. 'इन्स्टॉल झाल्यावर बायोसमध्ये जा, घड्याळ बदलून सेव्ह करा, बदललेलं राहतं का' ही ओळ आमच्याकडे २०१८ पासून आहे.

ओळी अशा वाढतच जातात, म्हणून वर्षातून एकदा काही पुसायला बसतो. गेल्या खेपेला 'डीव्हीडीवरून इन्स्टॉल' ही ओळ काढायला निघालो होतो. चॅटवर विचारलं, अजून कोणी वापरतं का? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "माझ्याकडच्या मशिनाचा यूएसबी मेलाय, मी दर रिलीजला डीव्हीडीच जाळतो. चालतं म्हणून कधी कळवलं नाही."

ओळ ठेवली. रकान्यात त्याचं नाव घातलं.